वरचा जबडा

१

रुपराव मोटघरे सत्तावीस वर्षं एकाच स्टुलावर बसला. स्टूल सरकारचं, सुई सरकारची, भिंग सरकारचं. डोळे तेवढे त्याचे स्वतःचे होते, आणि तेही आता अधू झाले होते. येत्या तीस जूनला तो रिटायर होणार होता.

काम सांगायला सोपं. शहराबाहेरच्या खाणीतून पोत्यांनी माती यायची. ती भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, राहिलेला चुरा वाळवायचा आणि भिंगाखाली सुईच्या टोकानं एकेक कण बाजूला सारत जायचं. शंभरातले नव्याण्णव खडे निघायचे. नशीब असलं तर एखादा दात. भूगर्भ खात्यातले साहेब लोक याला किरकोळ काम म्हणत. त्यांना म्हणावं, या, एक दिवस बसा, आणि संध्याकाळी मान वळवून दाखवा.

अशी दीडशेच्या वर पोती धुतल्यावर रुपरावला तो जबडा मिळाला. खालचा जबडा, चिंचोक्याच्या अर्ध्याएवढा, दोन्ही बाजू जोडलेल्या, दात मोहरीएवढे. बाकी काहीच नाही. कवटी नाही, हात नाही, पाय नाही. राहिलेली पन्नास पोतीही त्यानं धुऊन पाहिली, पण एक कण मिळाला नाही. डॉ. अनंत घारपुरे साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की हे माकडाच्या कुळातलं जनावर आहे, खारीपेक्षा लहान, झाडावर राहणारं, आणि सहा कोटी वर्षांपूर्वीच संपलेलं.

दगडातून सोडवताना एकदा सुई सटकली होती. डावीकडच्या तिसऱ्या दाताचं टोक उडालं. रुपरावनं ते कागदावर शोधून काढलं, लाखेच्या थेंबानं चिकटवलं, आणि तोंड शिवून बसला. टोक केसभर आत झुकलेलं बसलं. घारपुरे साहेबांनी आपल्या लेखात तो झुकाव या जनावराचं खास लक्षण म्हणून छापला. रुपराव त्यावर एकटाच हसला होता.

मार्च अठ्ठ्याहत्तरमध्ये तो लेख छापून आला आणि हसू जिरलं. जनावराला लॅटिन नाव दिलं होतं आणि त्या नावाच्या शेपटीला घारपुरे लटकलेले होते. शेवटी आभार. डायरेक्टरांचे आभार, नकाशावाल्याचे आभार, टायपिस्टचे आभार. जीपच्या ड्रायव्हरचेसुद्धा आभार, त्यानं वाईट रस्त्यावर गाडी चांगली चालवली म्हणून. मोटघरे हे नाव कुठंच नव्हतं. रुपरावनं ते पान तीनदा वाचलं, मग उठून साहेबांच्या टेबलापाशी गेला.

"साहेब, मायं नाव राहिलं वाटते."

"मोटघरे, हे शास्त्राचं काम आहे," घारपुरे वर न पाहता म्हणाले. "तुमचं हातकाम उत्तमच आहे. पण हातकामाचं नाव नसतं घालत."

त्याच अंकात कलकत्त्याच्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञाचं टिपण होतं. खालच्या जबड्यावरून काही सिद्ध होत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. हे माकडाचं पूर्वज असेल, नाहीतर चिचुंद्रीचं चुलत भावंड. याचा वरचा जबडा जो आणून दाखवील, त्यानंच हे जनावर शोधलं असं मी मानीन. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीनं रुपरावनं ते शब्द शब्द लावून वाचलं. मग ब्लेडनं तेवढा तुकडा कापला आणि खिशात ठेवला.

जबड्याचे प्लास्टरचे ठसे करायचं कामही त्याचंच होतं. ठसा काढायचा, चहाच्या पाण्यानं आणि कातानं रंगवायचा. तो असा रंगवायचा की साहेबांना बोटात धरूनही कळू नये. त्या संध्याकाळी त्यानं कापसाच्या पेटीत ठसा ठेवला आणि असली जबडा तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून घरी आणला. चोरी म्हणा. तो म्हणाला, माझंच आहे.

२

घर सक्करदऱ्याला, तलावाच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर. मागच्या खोलीत खाट, खाटेवर त्याची बायको जयवंता. बारा वर्षं गिरणीत उभी राहून तुटलेलं सूत जोडलेली बाई. गेल्या दिवाळीच्या आधी तिला लकवा मारून गेला. डावा पाय थोडाफार हलायचा. डाव्या हाताला मात्र काहीच कळत नव्हतं. चिमटा काढा, विस्तव ठेवा, तिला पत्ता नाही. जीभ दोन महिने अडली होती. मग ती परत आली आणि धार लावूनच आली.

"आणलं काय ते?" त्यानं लेखाचं सगळं सांगून डबी दाखवली तेव्हा तिनं विचारलं.

"आणलं."

"मंग ठेवा आता छातीशी धरून. साहेबाले जाब विचारायचा सोडून हाड चोरून आणलं. मर्दानगी हाये."

रुपरावनं डबी लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. पेटी खाटेच्या उशाशी होती, कारण घरात दुसरीकडे जागाच नव्हती.

तो कचेरीत गेला की शेजारची यमुताई जयवंताजवळ येऊन बसायची. तिची आंघोळ, जेवण, दुपारचं औषध सगळं तीच बघायची. एप्रिल लागला. उन्हाचा असा कहर की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसायचं नाही. पत्र्याचा कूलर घरघरायचा आणि वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास खोलीत भरून राहायचा. बुधवारी रुपराव घरी आला तर यमुताई मोरीतून साबणाची वडी घेऊन बाहेर आली.

"भाऊजी, पिंजरा आणा. उंदरानं साबण खाल्लं. कालचीच वडी हाये."

तिनं लाल वडी त्याच्या हातावर ठेवली. कडेला एक छोटा घास घेतलेला होता. उंदीर साबण खातात, यात नवल काही नाही. रुपरावनं वडी परत मोरीत ठेवायला हात पुढं केला आणि तसाच थांबला.

३

उंदराचा दात ओळखता येत नसेल तर सत्तावीस वर्षं कशाला घासली. उंदीर कुरतडतो तेव्हा दोन लांब चर पडतात, शेजारी शेजारी. इथं चर नव्हते. इथं दातांची कमान उमटली होती, प्रत्येक दाताचा वेगळा खळगा, घोड्याच्या नालासारखा. यमुताई गेल्यावर त्यानं घरचं जुनं भिंग काढलं आणि वडी खिडकीशी धरली.

डावीकडचा तिसरा खळगा केसभर आत झुकलेला होता.

रुपराव खाली बसला. ते टोक त्यानं बसवलं होतं. जनावराच्या तोंडात असताना त्याचा दात सरळच होता. म्हणजे असं एखादं जनावर कुठं रानात जिवंत राहिलं असेल, चुकून घरात शिरलं असेल, हेसुद्धा म्हणायची सोय उरली नाही. हा घास घेणारा जबडा जगात एकच होता, आणि तो कुलपात होता.

त्यानं पेटी उघडली. डबी जागेवर. डबीत जबडा जागेवर. फक्त खालचा कापूस ओला होता. नाकाशी नेला तर साबणाचा वास आला.

आता, रुपराव काही अंगात येणाऱ्यातला नव्हता. छप्पन साली त्याच्या बापानं घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि त्यांच्यासोबत भूत, चेटूक, उतारा सगळं गेलं म्हणून पोरांना सांगितलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. रुपराव विचार करणारा माणूस होता, म्हणून त्यानं विचार केला. कोणीतरी किल्ली मिळवली. डबी उघडली. जबडा साबणात दाबला आणि परत ठेवला. कोण? यमुताईला डबीत काय आहे हेही माहीत नाही. जयवंता खाटेवरून उठू शकत नाही. किल्ली करदोट्याला, आणि करदोटा तो आंघोळीलाही सोडत नाही. मग त्यानं स्वतःवरच शंका घेतली. झोपेत आपणच केलं असेल. रागानं माणूस झोपेत काय काय करतो. हे त्याला बरं वाटलं, पटण्यासारखं वाटलं.

मग त्यानं वडी उलटी केली. घास दोन बाजूंनी घेतला जातो. पलीकडेही दात उमटले होते. चार बारीक पुढचे, दोन टोकदार आणि एका दाढेची सुरुवात. हे दात त्यानं कधीही पाहिले नव्हते. साहेबांनी, कलकत्त्याच्या म्हाताऱ्यानं, कोणीच कधी पाहिले नव्हते.

भीती वाटली. नाही कशाला म्हणा. पण तिच्याही आधी त्याचा हात खिशातल्या त्या कात्रणाकडं गेला, आणि इथंच सगळं बिघडलं. तेव्हाच त्यानं ती डबी नेऊन साहेबांच्या टेबलावर आपटली असती तर ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती.

४

साबणावर त्यानं प्लास्टर ओतलं. ठसा निघाला तो पुढच्या दातांचाच. कलकत्त्याच्या म्हाताऱ्याला दाढा लागणार होत्या. माकड की चिचुंद्री, ते मागच्या दाढा सांगतात, आणि तेवढ्या आत जाईल असा घास साबणावर कोणी घेत नाही.

मग त्यानं मेण ठेवून पाहिलं. कणकेचा गोळा ठेवला. गुळाचा खडा ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. रोज सकाळी पेटीसमोर ठेवायचा, रोज संध्याकाळी भिंग घेऊन पाहायचा. कधी काही नसायचं, कधी पुढच्या चार दातांचा हलका ओरखडा. चाखून सोडून दिल्यासारखा. कचेरीत त्याचं लक्ष लागेना. घारपुरे साहेब दिल्लीला जाऊन तो चहानं रंगवलेला ठसा असली म्हणून मिरवून आले, टाळ्या घेऊन आले, आणि आल्यावर त्यांनी रुपरावला त्या ठशाची पेटी पुसायला दिली. त्यानं ती पुसली. दातओठ खात पुसली.

"अजी, त्या पेटीत काय करून राहिलं ते?" एका रविवारी जयवंतानं विचारलं.

"काही नाई."

"मले शिकवू नका. दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला, का ऐकू येते. लेकरू झोपेत दात खाते ना, तसं. कराकरा."

रुपरावनं ऐकलं होतं. तो रविवारी घरी असायचा, आणि रविवारी लाइट जायचीच. कूलरची घरघर थांबली की आधी कवेलू तापून वाजायचे, मग गल्ली शांत व्हायची, आणि मग उशाच्या बाजूनं तो आवाज सुरू व्हायचा. दातावर दात घासल्याचा. पहिल्यांदा त्याला कळलंच नाही की त्यात वावगं काय आहे. मग कळलं. डबीत खालचाच जबडा होता. तो घासत होता ते कशावर?

"उंदीर असंन," तो म्हणाला.

"तुम्ही मायासमोर तरी खोटं बोलू नका. उंदराले कोणी मेण वाढते का? तुम्ही त्याले खाऊ घालून राहिले." तिचा आवाज चढला. "उद्या ते कचेरीत ठेवून या. मले नाई पाहिजे ते घरात."

"ठेवीन. पण हातात काही आल्याशिवाय नाई. सत्तावीस वर्षं, जयवंता. ड्रायव्हरचं नाव छापलं त्याहीनं. मायं नाई छापलं. तुले राग येत नाई?"

"येते ना. साहेबाचा येते. तुमचा त्याहून जास्त येते. तुम्ही त्याच्यापुढं एकदा बोलून गप बसले, आन् घरात येऊन पेटीपुढं नैवेद्य मांडून राहिले. देव सोडले काय याच्यासाठी?"

तो बाहेर जाऊन पारावर बसला.

दोन दिवसांनी यमुताईनं त्याला दारातच थांबवलं. जयवंताच्या डाव्या हाताच्या करंगळीवर बारीक बारीक टिपके उठले होते, लाल, एका ओळीत. "मुंग्या चावल्या वाटते. तिले तं समजलंही नाई बिचारीले. मी हळद लावली," यमुताई म्हणाली. जयवंता झोपली होती. तिचा डावा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता, पेटीच्या बाजूला. रुपरावनं हळद पुसली आणि पाहिलं. चार पुढचे. दोन टोकदार. चामडी जेमतेम फुटली होती. चाखलं होतं.

त्यानं तो हात उचलला, तिच्या पोटावर ठेवला आणि वरून लुगड्याचा पदर नीट गुंडाळला. मग पेटी ओढत पुढच्या खोलीत नेली. हे त्यानं केलं, ते सांगितलंच पाहिजे. माणूस वाईट नव्हता. त्या संध्याकाळी तो वाईट नव्हता.

५

मे उजाडला. रिटायर व्हायला पन्नास दिवस राहिले, मग चाळीस. पेटी पुढच्या खोलीत गेल्यापासून मेणाला, साबणाला, कशालाही दात लागला नव्हता. आवाज नाही, काही नाही. डबीतला कापूस कोरडा ठणठणीत.

एका सोमवारी घारपुरे साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की कलकत्त्याचे ते तज्ज्ञ जूनमध्ये नागपूरला येणार आहेत. "मोटघरे, टेबल स्वच्छ ठेवा. आणि तुम्ही त्या दिवशी सुट्टी घेतली तरी चालेल." लोक हसले. रुपरावही हसला, कारण सत्तावीस वर्षांची सवय. घरी येईपर्यंत त्याच्या कानशिलात घण पडत होते. आल्या आल्या त्यानं पेटी ओढत परत मागच्या खोलीत आणली, जिथं आधी होती तिथंच ठेवली. कुलूप काढून टाकलं.

"काहून आणली?" जयवंता म्हणाली.

"तिकडं ऊन लागते."

दुसऱ्या दिवशी त्यानं आठ दिवसांची रजा टाकली आणि यमुताईला सांगितलं, "मी घरीच हाये, तुम्ही नका येऊ." यमुताईला वाटलं, नवऱ्याला बायकोची दया आली. तिनं चार बायकांना तसं सांगितलंही.

तीन दुपारी काही झालं नाही. चौथ्या दुपारी जयवंता जेवली, औषध घेतलं आणि झोपली. झोपेत तिचा डावा हात घसरला, नेहमी घसरायचा तसा, आणि कडेवरून खाली आला. रुपराव दाराशी खुर्चीवर होता. उठून तो हात वर ठेवायला चार पावलं पुरली असती. तो उठला. उठून त्यानं कूलर बंद केला आणि परत खुर्चीवर येऊन बसला.

पाणी ठिबकायचं थांबलं. कवेलू तापून वाजले. खिडकीला ताटी होती म्हणून खोलीत मळकट उजेड होता, पण दिसत होतं सगळं. खाटेचा पाय, पेटी, तिची बोटं. पेटीचं झाकण हललं नाही, हे त्यानं नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं. झाकण हललं नाही. आवाज मात्र होता, आणि तो पेटीतून येत नव्हता. तो खाटेखालून येत होता.

तो स्वतःला म्हणाला, काही नाही, तू दोन रात्री झोपला नाहीस. तो म्हणाला, टाळी वाजव. नुसती टाळी वाजव, खाकर, पाय आपट, जे असेल ते पळेल. ती तुझी बायको आहे. टाळी वाजवायला हात लागतात दोन, आणि त्याचे दोन्ही धड होते. ते त्यानं मांडीखाली दाबून धरले.

खाटेच्या पाट्यावर, जयवंताच्या मनगटाशी, काहीतरी आलं आणि टेकलं. तो हात होता. आगपेटीच्या काडीएवढी बारीक बोटं, पाच, आणि त्यातलं एक बाकीच्यांच्या समोर वळून पाट्याला धरून बसलेलं. बोटांच्या टोकाला नख्या नव्हत्या. नखं होती. चपटी, गुलाबी, तान्ह्या लेकराची असतात तशी.

माकडाचंच कूळ, रुपरावला वाटलं. साहेबाचं खरं निघालं. आणि त्या घटकेला, देवाशपथ म्हणायला देवही ठेवला नव्हता म्हणून नुसतंच सांगतो, त्याला भीतीच्या आधी राग आला. हे आपण पाहिलं, आणि हेही कोणी मानणार नाही. मग दुसरा हात आला, आणि त्या दोन्ही हातांनी जयवंताचा तळवा उताणा धरला, अंगठ्याखालचा मांसल भाग वर येईल असा. बरोबर तोच, दाढा रुतायला लागतो तो. त्यावर काहीतरी खाली वाकलं आणि पदराच्या सावलीत गेलं. ती झोपेतच राहिली.

रुपरावनं डोळे मिटले नाहीत. त्याला दाढा आत जाताना पाहायच्या होत्या.

६

"अजी, काय लावून राहिले?"

खोलीत आता दोघंच दिसत होते. रुपराव खाटेशी मांडी घालून बसला होता. तिचा डावा तळवा त्यानं आपल्या गुडघ्यावर उताणा घेतला होता, रक्त कापडानं टिपलं होतं, आणि वाटीत कालवलेलं प्लास्टर चमच्यानं जखमेवर सोडत होता. थोडं थोडं, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून फुंकर मारत.

"औषध हाये."

"खोटं बोलू नका. सत्तावीस वर्षं तुमचे कपडे धुतले मी. ते पांढरं कधीच निघत नाई." तिनं मान वळवली आणि खाली पडलेलं लाल कापड पाहिलं. "पहिले धुवून द्या मले."

"हलू नको. दहा मिनिटं. धुतलं तं सुजते, मंग आकार जाते."

ती हलली नाही. हलायचं तर त्या हाताला जमतच नव्हतं. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं. रुपराव तिचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसला होता. दिवाळीपासून त्यानं तिचा हात इतका वेळ कधी धरला नव्हता.

"तुम्ही कुठं होते?" तिनं विचारलं.

"खुर्चीवर."

"जागे होते?"

त्यानं प्लास्टरच्या कडेला नख लावून पाहिलं. अजून ओलं होतं.

"जागा होतो."

"पाहून राहिले होते."

"तुले दुखलं नाई, जयवंता. तुले समजलंही नाई. मले एकच लागत होता. एकच चांगला. आता मायं नाव लागते त्याले. त्या साहेबाचं निघते आन् मायं लागते. तुले नाई पाहिजे काय हे?"

जयवंतानं नजर छताकडं वळवली.

"हिले काय दुखते," ती म्हणाली. "तुमच्या साहेबालेही असंच वाटलं असंन. मोटघरेले काय दुखते. त्याले कुठं समजते."

हे त्याला लागलं. असं लागलं की त्याचा चेहरा उतरला आणि क्षणभर त्यानं मनगट सोडलं. पाहणाऱ्याला वाटलं असतं, आता हा माणूस भानावर येईल, पाणी आणेल, हात धुवून देईल. पण तेवढ्यात प्लास्टर बसलं. त्याच्या बोटांना ते कळलं. त्यानं दोन्ही कडांनी धरून ते अलगद सोडवलं आणि उलटं करून खिडकीशी धरलं.

सगळे दात होते. पुढचे चार, टोकदार दोन, आणि दोन्ही बाजूंना मागेपर्यंत दाढा, एकेक उंचवटा वेगळा. वरचा जबडा. रुपरावच्या घशातून एक आवाज निघाला, रडण्यासारखा.

"दाखवा मले," जयवंता म्हणाली.

तो घेऊन आला. कोणालातरी दाखवायचं होतंच ना. आयुष्यभर कोणी म्हटलं नव्हतं, मोटघरे, दाखव बरं काय काढलं ते. त्यानं तो ठसा तिच्या उजव्या हातावर ठेवला. तिनं डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. दाढांवरून अंगठा फिरवला. मध्ये कुठं तिच्याच तळव्याच्या रेघा उमटल्या होत्या, त्याही पाहिल्या.

"सुंदर झालं," ती म्हणाली, आणि हात उचलून ठसा खाटेच्या लोखंडी पायावर मारला. एकदा, दोनदा, तीनदा. पांढरा भुगा तिच्या पदरावर आणि फरशीवर सांडला.

रुपराव गुडघ्यावर बसून तुकडे वेचत राहिला. एक दाढ मिळाली, तिचंही टोक उडालेलं. खाटेखाली पाहायला त्यानं वाकून मान घातली आणि लगेच बाहेर काढली. तिथं काय होतं ते त्यानं सांगितलं नाही. एवढंच, की तो सरळ बसला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता.

"गेलं नाई ते," तो म्हणाला. "हाये."

मग त्यानं तिच्या हातावर पाणी ओतलं, स्वच्छ धुतला, हळद लावली, चांगल्या धोतराची पट्टी फाडून बांधली. सगळं नीट, हलक्या हातानं केलं. पट्टी त्यानं अंगठ्याच्या बाजूला बांधली होती. करंगळीकडची बाजू उघडी ठेवली होती. जयवंतानं ते पाहिलं.

तो उठला. वाटी धुवून ठेवली. प्लास्टरची पिशवी हलवून पाहिली, अर्ध्याहून जास्त होती. कूलर बंदच होता. त्यानं खुर्ची दाराशी ओढली आणि बसला.

जयवंतानं उजव्या हातानं डावा हात उचलला, ओढत आपल्या पाठीखाली घातला आणि त्यावर सगळा भार देऊन पडून राहिली. डोळे उघडे ठेवले. रुपराव खुर्चीवर बसून ती झोपायची वाट पाहू लागला.